फ्यूज नसलेली तार

दरवर्षी जुलै महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओशकोश या गावी हजारो लहान विमाने उतरतात. त्यांतील कितीतरी विमानांनी कारखान्याचे तोंडही पाहिलेले नसते. कुणा शिक्षकाने, कुणा शेतकऱ्याने, कुणा निवृत्त गृहस्थाने ती घरच्या मोटारखोलीत किंवा धान्याच्या कोठारात, नोकरीधंद्यातून उरलेल्या वेळात, वर्षानुवर्षे खपून स्वतःच्या हातांनी उभी केलेली असतात. ज्या संस्थेचा हा मेळा, ती संस्था 1953 साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या हौशी वैमानिकाने मिलवॉकी शहराजवळ आपल्या घराच्या तळघरात सुरू केली. 1970 पासून मेळा ओशकोशला भरतो. पण त्याचे वर्णन करण्याचा आज आमचा हेतू नाही. अशा घरगुती विमानाचे इंजिन सुरू करण्यासाठी जी मोटर बसवतात, तिच्या तारांकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे सुज्ञ वाचक विचारतील. आमच्या मते तो आहे. मात्र का आहे, हे आधी त्या तारांची थोडी ओळख करून घेतल्यावाचून सांगता येणार नाही.

इंजिन आपले आपण सुरू होत नाही. त्याला पहिला झटका बाहेरून द्यावा लागतो. मोटारगाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ती फिरवण्याचा प्रकार आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. ते हँडल उलटे फिरले म्हणजे मनगट मोडत असे. विमानाची गत याहून वाईट होती. तेथे पंखाच हाताने ओढून फिरवायचा, आणि इंजिनाने पेट घेताच त्याच पंख्यासमोरून चपळाईने मागे सरायचे. या दुखण्यावर उपाय शोधला तो अमेरिकेच्या ओहायो राज्यातील चार्ल्स केटरिंग यांनी. 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर त्यांचा विजेचा स्टार्टर बसला. त्यापूर्वी त्यांनी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडून दाखवली होती. ती मोटर दिवसभर चालायची नव्हती. क्षणभर जोर लावून थांबायची होती. इंजिनाचेही तेच, हे केटरिंग यांनी ओळखले. दिवसभर चालणारी मोटर इतका जोर लावील तर जळून जाईल. पण चारपाच सेकंदांपुरता तिच्या ताकदीबाहेरचा भार तिच्यावर टाकला तरी ती निभावून नेते. स्टार्टरची सारी खुबी या थोडक्या वेळात आहे, आणि त्याची पुष्कळशी दुखणीही याच थोडक्या वेळाचे भान सुटल्यामुळे उद्भवतात.

आता तारा. लहान विमानाच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाला फिरवताना 12 व्होल्टच्या बॅटरीतून साधारणतः 200 अँपिअर, कधी त्याहूनही अधिक प्रवाह वाहतो. आपल्या घरातील दिव्यापंख्यांची जोडणी 5 अँपिअरची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगेल. एवढा प्रवाह वैमानिकाच्या पुढ्यातील किल्लीतून नेता येत नाही. किल्ली वितळून जाईल. म्हणून मध्ये रिले घालतात. किल्ली फिरवली की बारीक तारेतून तीनचार अँपिअरचा प्रवाह रिलेच्या वेटोळ्यात जातो, वेटोळे लोहचुंबक बनते, आतला तांब्याचा तुकडा ओढला जातो आणि जाड तारांची दोन टोके एकमेकांना जोडली जातात. आमच्याकडील गॅरेजवाले ‘सेल्फ मारला की टक करते’ असे म्हणतात, ती ‘टक’ हीच. बारीक तारेने हुकूम द्यायचा आणि जाड तारेने तो अमलात आणायचा, अशी ही रचना आहे.

विमानात असे रिले एक नसून दोन असतात. पहिला बॅटरीच्या अगदी शेजारी. त्याच्यावाचून बॅटरीतील वीज बाहेरच पडू शकत नाही. दुसरा स्टार्टरचा. दिसायला दोघे जुळ्या भावांसारखे असतात, किमतीतही फार फरक नसतो. परंतु पहिला तासन् तास जोडलेल्या अवस्थेत राहण्यासाठी घडवलेला असतो. त्याचे वेटोळे एका अँपिअरहूनही कमी प्रवाह घेते. दुसरा केवळ काही सेकंदांसाठी असतो; त्याचे वेटोळे जोरकस आणि खादाड असते. घाईत किंवा अज्ञानाने दुसरा पहिल्याच्या जागी बसवला, तर जमिनीवरच्या चाचणीत सगळे ठीक चालते. पुढे हवेत गेल्यावर तो तापत जातो, वेटोळे जळते आणि विमानाची वीज जाते. चूक जमिनीवर करायची आणि तिची शिक्षा आकाशात भोगायची, अशी ही गोष्ट आहे.

जाड तारेचा हिशेब तर प्रत्येक विज्ञानशिक्षकाने फळ्यावर मांडावा असा आहे. समजा, तारेच्या टोकाला दाबून बसवलेला लग नीट दाबला गेला नाही, किंवा त्याच्याखाली रंगाचा पातळ थर राहून गेला, आणि त्या सांध्याचा विरोध केवळ एक शतांश ओहम झाला. 200 अँपिअरला एक शतांशाने गुणले म्हणजे 2 व्होल्ट होतात. बारांतले दोन व्होल्ट तेथेच संपले, आणि त्या बोटभर सांध्यात 400 वॅटची उष्णता निर्माण झाली. साध्या मीटरने तो सांधा मोजायला गेलात तर मीटर बहुधा काही दाखवणार नाही. मोटर रडतकढत फिरते, मालक बॅटरीला दोष देतो, नवी बॅटरी आणतो, आणि सांधा आपल्या जागी तसाच राहतो. आमच्या किनाऱ्यावरील ट्रॉलरवाल्यांना हा अनुभव निराळा सांगायला नको. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि पहाटे समुद्रात जायच्या वेळी इंजिन उठत नाही. ट्रॉलर धक्क्याला बांधलेला असतो, एवढाच काय तो फरक.

काही विमानांत वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी शेपटीकडे, आसनांच्या मागे ठेवावी लागते. मग तार 4 मीटर लांब होते. विमानाचे अंग अॅल्युमिनियमचे असेल तर परतीचा प्रवाह त्या अंगातून येऊ शकतो. पण काचतंतूंच्या अंगातून वीज वाहत नाही, तेथे परतीचीही तार ओढावी लागते, म्हणजे एकूण 8 मीटर. 34 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर 200 अँपिअरला सुमारे पाऊण व्होल्ट वाटेत खर्च होतो. 21 चौरस मिलिमीटरची घेतली तर सव्वा व्होल्टच्या वर जातो, पण वजन किलोभर वाचते. बांधणाऱ्याने यातले काय पत्करायचे? याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात आयते मिळत नाही. ते त्याच्या इंजिनावर, त्याच्या गावच्या थंडीवर आणि त्याच्या विमानाच्या तोलावर अवलंबून आहे. ठरवायचे त्याचे त्यानेच.

परतीच्या वाटेचा विसर हा तर नवशिक्यांचा नेहमीचा अपराध. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून तुटलेले असते. त्याला विमानाच्या अंगाशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती लावायची राहिली, तर प्रवाह थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे इंजिनाला इंधन कमीजास्त करणारी पोलादी केबल. 200 अँपिअरचा लोंढा त्या बारीक केबलमधून गेला की ती तापून लाल होते, आतून चिकटते, आणि वैमानिकाच्या हातातील दांडा हलेनासा होतो. दोष विजेचा असतो आणि बिघाड दिसतो इंधनाच्या यंत्रणेत.

आणखी एक प्रकार. बॅटरी अर्धवट उतरलेली असताना किल्ली फिरवली, तर रिले जोडला जाताच व्होल्ट कोसळतात, वेटोळ्याचा जोर ओसरतो आणि रिले सुटतो. सुटताच भार नाहीसा होतो, व्होल्ट परत वर येतात, रिले पुन्हा जोडला जातो. टकटकटकटक असा आवाज येत राहतो. प्रत्येक टकीला आत ठिणगी उडते, आणि अशाच एखाद्या ठिणगीत तांब्याचे दोन तुकडे एकमेकांना वितळून चिकटतात. मग किल्ली सोडली तरी स्टार्टर सुटत नाही. इंजिन सुरू झालेले असले तर आता इंजिनच स्टार्टरला ओढून नेते, आणि चार सेकंदांसाठी घडवलेली ती मोटर मिनिटभरात जळून खाक होते. म्हणून शहाणा माणूस स्टार्टरच्या टोकाला एक लहानसा लाल दिवा जोडून तो डोळ्यांसमोर ठेवतो. किल्ली सोडल्यावरही दिवा विझला नाही, तर बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा. अलीकडच्या हलक्या स्टार्टरांत कायम चुंबकाची मोटर असते, तिची खोड आणखी वेगळी. वीज तोडल्यावरही ती गरगरत राहते आणि गरगरताना स्वतःच वीज निर्माण करते. तिच्या अंगावरचे सोलेनॉइड त्याच टोकाला जोडले असेल, तर ती घरचीच वीज त्याला धरून ठेवते आणि दातेरी चाक दोनचार सेकंद उशिरा सुटते. आतल्या सोलेनॉइडला रिलेमार्फत वेगळी तार दिली की ही खोड जाते. एक तार इकडची तिकडे केली, एवढेच; पण ते कळायला आधी कार्यकारणभाव कळावा लागतो.

इतके सांगितल्यावर मुख्य मुद्द्याकडे वळतो. विमानातील दिवा, रेडिओ, पंप या प्रत्येकाच्या तारेला फ्यूज असतो किंवा आपोआप तुटणारा स्विच असतो. तार कुठे घासली, सोलली, विमानाच्या अंगाला लागली, तर फ्यूज जातो आणि विमान वाचते. परंतु बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणाऱ्या जाड तारेला रिवाजाने फ्यूज नसतो. तिच्यातून जाणारा न्याय्य प्रवाहच इतका मोठा असतो, की न्याय्य आणि अन्याय्य यांतला भेद फ्यूजला सहजी करता येत नाही. ही तार आगीला अडवणाऱ्या पोलादी पडद्यातून आरपार जाते. तेथे रबराचे कडे बसवायला बांधणारा विसरला आणि धातूच्या कडेने तिचे आवरण कापले गेले, तर बॅटरी हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह एका क्षणात ओतते. या तारेचे रक्षण करणाऱ्या गोष्टी दोनच: बॅटरीजवळच्या पहिल्या रिलेचा स्विच आणि ज्याने ती तार ओढली त्या माणसाचा प्रामाणिकपणा. इतर सर्व तारांवर पहारा आहे, हिच्यावर नाही.

याच्या उलट स्वभावाची तार मॅग्नेटोची. इंजिनातील ठिणगी बंद करायची असेल तर मॅग्नेटोची तार विमानाच्या अंगाला जोडायची असते. ती तुटली, तर ठिणगी बंद होण्याऐवजी जिवंत राहते. स्टार्टरची बारीक तार तुटली तर इंजिन सुरू होत नाही, मालक चिडतो, पण कुणी मरत नाही. मॅग्नेटोची तार तुटली तर किल्ली ‘बंद’ दाखवते, आणि कुणी पंख्याला हात लावून तो सहज फिरवला तर इंजिन पेट घेऊ शकते. दोन्ही तारा एकाच किल्लीच्या मागे, एकाच जुडग्यात बांधलेल्या असतात.

अशा माणसावर राज्यसंस्थेने विश्वास ठेवावा काय, आणि ठेवायचा तर कसा, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेने त्याचे जे उत्तर दिले ते विचार करण्यासारखे आहे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी घडवलेला असला पाहिजे, ही पहिली अट. सरकारी तपासनीस विमान पाहतो, कामाची नोंदवही व छायाचित्रे पाहतो. कारखान्यातील विमानाची जी कसोटी ती त्याला लावत नाही. त्याऐवजी आत शिरण्याच्या जागी ‘प्रायोगिक’ हा शब्द किमान 2 इंच उंचीच्या अक्षरांत रंगवावा लागतो, आणि हे विमान नेहमीच्या सुरक्षा नियमांना धरून नाही अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. सुरुवातीचे 25 किंवा 40 तास ते ठरावीक, विरळ वस्तीच्या प्रदेशावरच उडवावे लागते, आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही. राज्याने हात काढून घेतला, पण डोळे मिटले नाहीत.

या स्वातंत्र्याला फळे आली आहेत. ओरेगॉन राज्यातील रिचर्ड व्हॅन ग्रुन्सव्हेन यांच्या आराखड्यांवरून व सुट्या भागांवरून घरोघरी बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने उडाली. बर्ट रटन यांनी रेखाटलेले आणि मोहावीच्या वाळवंटात मूठभर माणसांनी घडवलेले ‘व्हॉयेजर’ 1986 च्या डिसेंबरात कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या प्रवासाच्या अखेरीस, घर जवळ आले असताना, मागचे इंजिन इंधनाअभावी बंद पडले आणि गार पडलेले पुढचे इंजिन हवेतच सुरू करावे लागले. ते सुरू झाले म्हणून डिक रटन आणि जीना येगर यांचे नाव इतिहासात राहिले.

पण फळांबरोबर काटेही सांगितले पाहिजेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील खाजगी व हौशी विमानांत घरगुती विमाने जवळजवळ 10 टक्के होती. 2011 सालच्या प्राणघातक अपघातांत मात्र त्यांचा वाटा 21 टक्के होता. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. अपघातांचा मोठा भाग विमानाच्या पहिल्यावहिल्या उड्डाणांत घडतो, आणि बांधणाऱ्याकडून विमान विकत घेतलेल्या दुसऱ्या मालकाच्या हाती आल्यावर लवकरच घडतो. हे स्वाभाविकच नाही काय? पहिल्या मालकाला प्रत्येक तार पाठ असते. दुसऱ्याला पोलादी पडद्यामागे केवळ तारांचे जंजाळ दिसते. कोणती तार कुठे जाते हे कागदावर नसेल, तर ते ज्ञान विक्रीच्या दिवशी पहिल्या मालकाबरोबर निघून जाते.

आपल्याकडे या विषयाचा एकच ठळक दाखला आहे आणि तो मराठी माणसाचा आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, वृत्तपत्रांनी छापले, पुढाऱ्यांनी वाखाणले. नोंदणी झाली ती 2017 च्या नोव्हेंबरात. उड्डाणाची अनुज्ञा मिळाली 2019 च्या ऑक्टोबरात. कौतुक एका आठवड्यात झाले, कागदाला साडेतीन वर्षांहून अधिक लागली. दाट वस्तीच्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सावध असावे, हे आम्हांला मान्य आहे. गच्चीवर बांधलेले यंत्र उद्या कुणाच्या छपरावर पडू नये, ही चिंता खोटी नाही. परंतु सावधगिरी आणि दिरंगाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावध अधिकारी तारा तपासतो. दिरंगाई करणारा फायलीला नवी दोरी बांधतो.

येथे आपल्या समाजालाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. ते विमान उडाल्याचा भक्कम समकालीन पुरावा सापडलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा त्या कथेशी संबंध जोडला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 सालीच दिला आहे. तळपदे यांच्या धडपडीचा आम्हांला अनादर नाही. पण जे उडाल्याचे ठाऊक नाही त्याची जयंती करायची आणि जो गच्चीवर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला आहे त्याला वेड्यात काढायचे, हा आमचा नित्याचा प्रकार आहे. ज्याच्या बोटांना तांब्याची धूळ लागली आहे त्याला आपण फिटर म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली येतो. लग नीट दाबणे हे बुद्धीचे काम आहे, असे आमच्या पांढरपेशा घरांत अजून कुणी मुलांना सांगत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलगा गेला म्हणजे त्याचे गुण कमी पडले असणार, असेच आपण गृहीत धरतो.

म्हणून आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. हौशी विमानबांधणीसाठी महासंचालनालयाने सुटसुटीत, छापील आणि मुदतबंद नियमावली ठेवावी. अर्ज आल्यापासून किती दिवसांत तपासनीस दारी येईल, ते तिच्यात लिहावे. विमान कापून, ट्रकवर घालून शेकडो मैल नेण्याची पाळी येऊ नये म्हणून प्रत्येक राज्यात एखादी कमी वापरातली धावपट्टी पहिल्या उड्डाणांसाठी राखून ठेवावी. दाबोळी आणि मोपा हे दोन मोठे विमानतळ असलेल्या आमच्या राज्यात तांत्रिक शाळांच्या मुलांना निदान एका लहान विमानाचे झाकण उघडून आतल्या तारा पाहता याव्यात, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. आणि तपासनीस जेव्हा दारी येईल, तेव्हा पंखांचा रंग पाहण्यापूर्वी त्याने तारांचे रेखाचित्र मागावे: प्रत्येक तारेवर क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची कागदावर नोंद, जाड तारेची वाट तांबड्या शाईने दाखवलेली, आणि खाली बांधणाऱ्याची सही. तो कागद विमानातच राहावा, विक्रीबरोबर दुसऱ्या मालकाकडे जावा. आणि तो नसेल, तर त्या दिवशी किल्ली फिरवू देऊ नये.